बलभीम भोईंच्या होडीचं चाक

मी बलभीमरावांशी खोटं बोललो होतो. एकदा नाही, चार वेळा. संक्रांतीला त्यांच्या होडीचं स्टिअरिंग तुटलं आणि तेव्हापासून दर पंधरा-वीस दिवसांनी ते माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभे राहायचे. "मिस्त्री, घावला का पार्ट?" मी ट्रॅक्टरखालूनच ओरडायचो, "शोधायलोय. इतक्या जुन्या होडीचं सामान आपल्याकडं मिळंना." ते मान हलवायचे, बाकड्यावर घटकाभर टेकायचे आणि निघून जायचे. खरं सांगायचं तर मी एक फोनसुद्धा केला नव्हता.

माझं नाव महालिंगप्पा. माकणीत धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. हात चांगला आणि तोंड वाईट अशी माझी ख्याती आहे, आणि ती काही खोटी नाही. जानेवारी ते मार्च ऊसवाल्यांचे ट्रॅक्टर दारात रांगेनं उभे असतात. त्यात एका म्हाताऱ्याच्या होडीसाठी दोन दिवस कोण मोडणार, हा माझा विचार.

बलभीमराव जातीनं भोई. तरणे होते तेव्हा तेरणेला पूर आला की गुळाच्या काहिलीत माणसं बसवून, एका वल्ह्यावर ते पैलतीराला नेत. मग धरण झालं, त्यांचं गाव पाण्याखाली गेलं, आणि ज्या पाण्यानं घर घेतलं त्याच पाण्यात ते मासे धरायला लागले. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी कोकणातली एक वापरलेली फायबरची होडी ट्रकवर घालून आणली. इंजिन धडधाकट होतं, पण स्टिअरिंगचं नुसतं चाक शिल्लक होतं, बाकी सगळं कुणीतरी काढून घेतलेलं. ते मी बसवलं. चाकामागं कोकणातूनच मागवलेला बिडाचा एक ड्रम, ड्रमवर तारेचा दोर गुंडाळलेला, दोराची दोन टोकं दोन बाजूंनी मागं जाऊन सुकाणूला बांधलेली. चाक फिरलं की ड्रम फिरतो, एक टोक ओढलं जातं, दुसरं सैल पडतं, सुकाणू वळतं. साधं काम. पण धरणावर चाकाची होडी ती पहिलीच, त्यामुळं माझी छाती चांगलीच फुगली होती.

पहिल्याच दिवशी बलभीमरावांनी ती होडी चिंचेच्या बुंध्यावर घातली. पाणी ओसरलं की त्या बुडालेल्या चिंचेचं खोड तेवढं वर दिसतं. अख्खं गाव काठावर उभं होतं. होडीच्या नाकाचा वीतभर टवका उडाला. बलभीमराव उतरून म्हणाले, "हात चुकला." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं." लोक हसले. तेही हसले. पुढं बावीस वर्षं तो टवका मी त्यांना विसरू दिला नाही. होडी काठाला लागली आणि मी तिथं असलो, की माझं ठरलेलं असायचं, "काय बलभीमराव, आज चिंच सापडली का न्हाय?"

चैत्रात ते गेले. बंद पडलेल्या होडीला पाठ टेकून काठावर बसले होते. दुपारी जेवायला आले नाहीत म्हणून बायको बघायला गेली, तर तसेच बसलेले. गावात सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. मला त्यांची शेवटची खेप आठवत होती. चौथ्या वेळी दुकानात आले होते तेव्हा ते एवढंच बोलले होते, "एकदा जुन्या घाटावर जाऊन यावं म्हणतो, मिस्त्री. पाणी उतरलंय, बरं दिसंल." मी म्हणालो होतो, "पुढच्या आठवड्यात बघू."

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्यावर त्यांची बायको कस्तुराबाई माझ्या दुकानात आल्या. रडत नव्हत्या. बाकड्यावर जिथं ते बसायचे तिथंच बसल्या.

"मिस्त्री, धाव्या दिशी त्यांना घाटावर न्यायचंय. होडी चालती व्हईल का?"

आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. त्यामुळं हे राखेचं प्रकरण मला कधी नीट समजलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी समजावून सांगितलं. त्या बुडालेल्या गावच्या भोयांची रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या अस्थी त्याच्याच होडीतून जुन्या घाटाच्या वर न्यायच्या. तिथं पाण्यावर तीन उलटे फेरे घ्यायचे, डाव्या अंगानं. मेलेल्यासाठी सगळंच उलटं असतं. मग अस्थी सोडायच्या. दुसऱ्याची होडी चालत नाही, बाकीचे मासे धरायला वापरतात तो थर्माकोलचा तराफा तर नाहीच. आणि चाक घरच्याच माणसानं धरायचं.

"घाट दिसतो कुठं आता?" मी विचारलं.

"खुणा हायत. टेकडीवरचा वड आन धरणाची पंपाची इहीर एका रेघंत आली, की खाली घाट. त्यांनी मला दावलंय."

पाच वर्षांपासून बलभीमरावांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. चाक बाईंच्याच हातात असायचं, ते शेजारी बसून सांगायचे. मूलबाळ नव्हतं. म्हणजे घाट कुठं आहे हे ठाऊक असलेलं आणि चाक धरू शकणारं घरचं माणूस एकच उरलं होतं, आणि ते माझ्यासमोर बसलं होतं. भावकीतली दोन म्हातारी माणसं कुरकुरली होती म्हणे, की तेराव्याच्या आत बाईनं असं बाहेर पडू नये. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, मग तुमी धरा चाक, खुणा माझ्या मी सांगनार न्हाय.

"व्हईल चालती," मी म्हणालो. कशी होईल ते मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी होडी उघडली. उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवले, ही माझी जुनी सवय, म्हणजे बसवताना घोळ होत नाही. ड्रम मधोमध चिरलेला. आतलं बुश झिजून नुसती पितळेची पापडी राहिलेली. तारेचा दोर गंजून तुटलेला, त्याचे दोन-चार वेढे अजून ड्रमला चिकटून होते. दोर काय, विहिरीत मोटर सोडायची तार मिळते. बुश लेथवर होतं. खरं दुखणं ड्रमचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं धाराशिव गाठलं. स्पेअर पार्टच्या चार दुकानांत गेलो. तिघांनी ऐकून घेतलं. चौथा काउंटरवरचा पोरगेला मालक हसत म्हणाला, "होडी? काका, आपल्याकडं प्यायला पाणी न्हाय आन तुमी होडी चालवता?" एरवी मी त्याची दुकानदारी तिथल्या तिथं काढली असती. पण त्या दिवशी दाखवायला काढलेला ड्रम परत पिशवीत टाकला आणि बाहेर आलो.

स्टँडवर बसून कोकणातल्या बंदरावरच्या एका दुकानाचा नंबर मिळवला आणि ड्रमचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. माणूस भला होता. म्हणाला, हे मॉडेल बंद होऊन पंधरा वर्षं झाली, आता सगळं हायड्रॉलिक. तुमच्या होडीला ते बसायचं नाही, आणि बसलं तरी पार्सल पोचायला आठ दिवस लागतील. मग सहज म्हणाला, "दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर एक जुना सेट होता आमच्याकडे. शिमग्याआधी भंगारात गेला." मी फोन ठेवला. त्या सेटसाठी एक फोन पुरला असता. ते जिवंत असताना पुरला असता.

धाराशिवचा लेथवाला शंभुलिंग माझा जुना ओळखीचा. तो म्हणाला, "नवा ड्रम वतायचा तर पंधरा दिस. पर कसलाबी तयार ड्रम आण, मी बुश वढून बसवून देतो. तू येरमाळ्याला जा. माणिकप्पाच्या भंगारात बग."

येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा तोंडावर आलेली. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, बांगड्यांची गाठोडी आणि पाळण्यांचे लोखंडी सांगाडे घेऊन माणसं चाललेली. माणिकप्पाचं भंगार हायवेच्या कडेला, अर्ध्या एकरात पसरलेलं. त्याला ड्रम दाखवला, कशासाठी पाहिजे ते सांगितलं. राखेसाठी, असं मी सरळच म्हणालो. तो उठला, काठी टेकत पुढं झाला. उन्हानं लोखंड असं तापलेलं की हात लावला की चटका. दोन तास आम्ही दोघं उलथापालथ करत होतो. बैलगाडीचं आख निघालं, मळणी यंत्राच्या पुल्या निघाल्या, कशाचाच घेर जमेना. शेवटी एका मोडक्या ट्रकच्या पोटाखाली त्यानं बोट दाखवलं. स्टेपनी वर चढवायची चरखी. तिचा ड्रम हुबेहूब नाही, पण बोटभराच्या फरकानं तोच.

पैसे काढले तर माणिकप्पानं हात आडवा केला. "मौतीच्या कामाला न्हाय घेत म्या," एवढंच म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला. मी ती चरखी मांडीवर घेऊन परत धाराशिवला आलो. शंभुलिंगनं दुसऱ्या दिवशी बुश ओढून ड्रमला बसवून दिलं.

नवव्या दिवशी दुपारी मी एकटाच होडीत बसून ते सगळं जुळवत होतो. ड्रम छान बसला. मोबाइलमधला फोटो समोर ठेवला आणि फोटोत होता तसाच दोर ड्रमवर गुंडाळला, टोकं मागं नेऊन सुकाणूला आवळली. चाक उजवीकडं फिरवलं आणि मागं वळून पाहिलं. सुकाणू डावीकडं गेलं होतं.

वाटलं, माझी चूक झाली. फोटो मोठा करून बघितला. चूक नव्हती. जुन्या ड्रमवरही दोर खालून गुंडाळलेला होता, वरून नव्हे. बावीस वर्षांपूर्वी मीच तो तसा गुंडाळला होता. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग सगळं पुढच्या चाकांना. इथं मागच्या सुकाणूला दोर नेताना माझ्या डोक्यात डावं-उजवं फिरलं, आणि पाण्यात घालून बघायच्या आधीच मी छाती फुगवून काठावर उभा राहिलो. म्हणजे त्या दिवशी बलभीमरावांनी चिंच टाळायला चाक बरोबर फिरवलं होतं, आणि होडी नेमकी चिंचेवर गेली होती.

इकडं तिकडं पाहिलं. काठावर कुणी नव्हतं. लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, लाजेपेक्षा आधी बरं वाटलं, की कुणाला कळलं नाही. ज्याला कळलं असतं तो गेला होता. मी दोर सोडला, ड्रमवर वरून गुंडाळला, परत आवळला. आता चाक उजवीकडं, होडी उजवीकडं. जगात सगळीकडं असतं तसं. दिवस मावळायच्या आत काम पुरं केलं आणि घरी गेलो.

दहाव्याला सकाळी होडीत आम्ही तिघंच होतो. चाकावर कस्तुराबाई, मधल्या फळीवर बलभीमरावांचा पुतण्या योगीराज, ज्यानं अग्नी दिला होता, त्याच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं, आणि मागं इंजिनापाशी मी. काठावर भावकी आणि गावातली माणसं उभी होती. वारं पडलेलं होतं. मी इंजिन चालू केलं. बाईंनी पदर खोचला, चाकाला हात लावून कपाळाला लावला आणि होडी काठापासून सोडवली.

चिंचेचं खोड उजव्या हाताला वर आलेलं होतं. त्याला टाळायला बाईंनी चाक फिरवलं. होडी खोडाकडं वळली. त्यांनी आणखी फिरवलं. होडी आणखी वळली. त्यांच्या हातांत घाबरटपणा नव्हता, हात वर्षानुवर्षांच्या सवयीचे होते, आणि म्हणूनच त्यांनी शेवटपर्यंत तेच केलं जे त्यांना येत होतं. मी इंजिन बंद करायला वाकलो तोवर धडक बसली. योगीराज मडकं पोटाशी धरून फळीवरून खाली बसला. मडकं शाबूत राहिलं.

होडी खोडाला टेकून डुलत होती. बाईंनी आधी मडक्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं, मग माझ्याकडं.

"मिस्त्री, चाक सरळ केलंत व्हय?"

नाही म्हणता आलं असतं. तुमचा हात चुकला असंही म्हणता आलं असतं, ते वाक्य या जागी एकदा बोललं गेलंच होतं. पण योगीराजच्या पोटाशी ते मडकं होतं.

"व्हय, वैनी. मुळातच चूक होती. माझीच. काल ध्यानात आली. कुणाला कळू नये म्हणून गुपचूप नीट केली."

"ठाऊक हाय," बाई म्हणाल्या. "त्यांना पयल्याच दिशी कळलं हुतं."

मी इंजिनापाशीच खाली बसलो.

"घरी आले, मला म्हणले, मिस्त्रीनं चाक उलटं बसवलंय. मी म्हणलं, मग सांगा की त्येला. तर म्हणले, न्हाय, लई मानी माणूस हाय, सगळ्या गावासमोर बसवलंय, आता तोंडावर पडंल. आन माझा हात वल्ह्याचा. वल्हं मागून धरलं की इकडं ढकललं तर नाव तिकडं जाती. मला उलटंच बरं पडतंय. तू बोलू नगंस. मग पुढं मला चाक शिकवलं तेबी तसंच." बाईंनी चाकावरून हात फिरवला. "आता ह्या वयात माझा हात सरळ कसा व्हायचा?"

बावीस वर्षं मी त्यांना चिंच सापडली का विचारत होतो. बावीस वर्षं ते हसून मान खाली घालत होते.

मी खोडाला होडी बांधली, पाना घेतला आणि चाकाखाली वाकलो. ऊन चढलं होतं. दोर काल मीच इतका आवळला होता की सुटता सुटेना. खाली तोंड करून काम करताना बोलणं सोपं जातं, म्हणून मी म्हणालो, "वैनी, अजून एक हाय. पार्ट मिळत न्हाय म्हणून त्यांना सांगत होतो ना, ते खोटं होतं. म्या शोधलाच न्हवता. शोधला असता तर शिमग्याच्या आत मिळाला असता. ते घाटावर जाऊन आले असते."

वाटलं होतं, याही वेळी त्या म्हणतील ठाऊक हाय.

"हे ठाऊक न्हवतं," त्या म्हणाल्या. "त्यांनाबी न्हवतं. ते म्हणायचे, मिस्त्री लई शोधायलाय बिचारा."

दोर परत खालून गुंडाळला. जी चूक एकदा न कळत केली होती तीच आता समजून उमजून केली, एकेक वेढा नीट बसवत. टोकं आवळली. चाक उजवीकडं फिरवून बघितलं, सुकाणू डावीकडं गेलं. मी बाजूला झालो आणि बाईंनी चाक धरलं.

होडी चिंचेला वळसा घालून खुल्या पाण्यात आली. वड टेकडीच्या खांद्यावरून हळूहळू सरकत पंपाच्या विहिरीमागं आला. त्या जागी बाईंनी हात वर केला, मी इंजिन मंद केलं. त्यांनी चाक उजवीकडं धरून ठेवलं आणि होडी डाव्या अंगानं फिरायला लागली. एक फेरा, दोन, तीन. कुठं हिसका नाही, कुठं जास्तीचा वळसा नाही. तिन्ही फेरे एकाच जागेवरून गेले. खाली त्यांच्या गावाचा घाट होता, मला फक्त गढूळ पाणी दिसत होतं. योगीराजनं मडकं पाण्यात तिरपं केलं. राख थोडा वेळ वर राहिली आणि मग खाली गेली. बाई तोवर चाक सोडून उभ्या होत्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीही रडलो. मला त्याची सवय नाही, त्यामुळं मोठ्यानं रडलो.

परत काठाला लागलो तेव्हा माणसं पुढं आली. होडीचं नाक बघून एकजण म्हणाला, "आँ? जुन्याशेजारी दुसरा टवका? बाई, तुमीबी चिंचंवरच घातली का?" दोघंतिघं हसण्याच्या बेतात होते. बावीस वर्षांपूर्वीही याच जागी, जवळजवळ हीच माणसं होती. बाई उतरल्या आणि त्यांनी मान खाली घातली, जशी बलभीमराव घालायचे.

मी खाली उतरलो. होडीच्या नाकावर, दोन्ही टवक्यांवर एकेक हात ठेवला, म्हणजे कुणाला दिसलं नाही असं होऊ नये.

"त्यांनी न्हाय घातली," मी म्हणालो. "हा बी माझा हाय, आन तो जुना बी माझाच. चाक म्या उलटं बसवलं हुतं. बलभीमराव कधी चुकले न्हायती."

कुणी हसलं नाही. कस्तुराबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. रिकामं फडकं घडी घालून त्यांनी काखेत घेतलं आणि घराच्या वाटेला लागल्या.